आधी पूर्ण बरं व्हा, मग काम बघा? गंभीर मानसिक आजार आणि नोकरी, सोप्या भाषेत

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा आजार असेल, हॉस्पिटलमधून डिस्चार्ज होऊन काही महिने झाले असतील, गोळ्या नीट चालू असतील, तर एक प्रश्न घरातल्या सगळ्यांच्याच डोक्यात घोळत असतो आणि मोठ्याने कुणीच विचारत नाही. आता पुढे काय? हा परत कामाला लागेल का, लागला तर झेपेल का, की परत आजार उसळेल? डॉक्टरांना विचारलं तर बरेचदा "घाई नको, आधी नीट बरं होऊ दे" असं ऐकायला मिळतं, घरचे तेच धरून बसतात, आणि मग त्या "आधी"चं एक वर्ष होतं, दोन होतात, पाच होतात. माणूस घरात बसून राहतो. मित्र तुटतात, झोपायची-उठायची वेळ राहत नाही, आणि हळूहळू त्याचा स्वतःचाच विश्वास बसतो की आपल्याच्याने आता काही होणार नाही.

मला या लेखात मुख्य सांगायचंय ते हे, की हा क्रम बहुतेकांच्या बाबतीत उलटा आहे. काम मिळाल्याने आणि त्यात कुणीतरी सोबत असल्याने लोक सावरतात, आणि हे माझं मत म्हणून सांगत नाहीये, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत यावर चांगलं भक्कम संशोधन झालंय. ते डॉक्टरांच्या जर्नलमध्येच राहतं, ज्या घरांना त्याची गरज आहे तिथपर्यंत पोचत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

नक्की कुठल्या आजारांबद्दल बोलतोय

टेन्शन, झोप न लागणं, उदास वाटणं यावर हल्ली बरंच बोललं जातं आणि ते चांगलंच आहे, पण हा लेख त्याबद्दल नाही. गंभीर मानसिक आजार म्हणजे जो लांबतो किंवा परत परत येतो, आणि शिक्षण, काम, नाती, स्वतःची काळजी घेणं या सगळ्यालाच धक्का लावतो. यात मुख्यतः स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, खोटे संशय पक्के होणं), बायपोलर (कधी प्रमाणाबाहेर उत्साह, कधी खोल उदासी), आणि खूप तीव्र डिप्रेशन येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे एकट्या स्किझोफ्रेनियाचे जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोक आहेत, साधारण ३०० माणसांमागे एक. आणि हे आजार बहुतेकदा सुरू होतात तेच मुळी ऐन उमेदीच्या वयात, अठरा-वीस ते तिशीच्या आसपास, जेव्हा बाकीचे मित्र डिग्री संपवून पहिली नोकरी धरत असतात. त्यामुळे आजाराबरोबर करिअरची पहिली पायरीच हातातून सुटते, आणि नंतर कुणी विचारलं "या चार वर्षांत काय केलंस" तर सांगायला काही नसतं.

आता लक्षणांबद्दल एक गोष्ट, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लोकांना वाटतं की कानात आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटणं, यामुळेच माणूस काम करू शकत नाही. ही लक्षणं गोळ्यांनी बऱ्याच जणांची कमी होतात. कामाच्या आड जास्त येतात ती दुसरीच, कमी दिसणारी लक्षणं, म्हणजे काही करावंसंच न वाटणं, चेहऱ्यावर भावना न उमटणं, लक्ष न टिकणं, तीन गोष्टी एकदम सांगितल्या तर तिसरी विसरून जाणं, विचार करायला वेळ लागणं. घरचे याला आळस म्हणतात. तो आळस नसतो, आजारच असतो, आणि त्यावर आजच्या गोळ्यांचा फारसा परिणाम होत नाही. म्हणजे ही लक्षणं पूर्ण जायची वाट बघत बसलं तर गोळ्यांच्या जोरावर तो दिवस येईलच असं नाही.

बरं होणं म्हणजे काय धरायचं

डॉक्टरांच्या भाषेत बरं होणं म्हणजे लक्षणं गेली किंवा अगदी कमी झाली. पण ज्यांना हा आजार झालाय त्यांना विचारलं तर ते वेगळंच काही सांगतात. मला माझं घर हवंय, कमाई हवीय, कुणीतरी मला माझ्या कामाने ओळखावं, जोडीदार हवाय. विल्यम अँथनी या मानसिक पुनर्वसनातल्या माणसाने १९९३ मध्ये हाच विचार नीट मांडला होता, की आजारामुळे आलेल्या मर्यादा असल्या तरी समाधानाचं, आशेचं आणि काहीतरी हातभार लावणारं आयुष्य जगता येणं म्हणजे रिकव्हरी. यापुढे मी रिकव्हरी म्हणेन ते याच अर्थाने. एखाद्याला अधूनमधून आवाज ऐकू येतात आणि तरी तो रोज सकाळी कामावर जातो, संध्याकाळी मित्राला भेटतो, तर तो रिकव्हरीच्या रस्त्यावर आहे.

"पण स्किझोफ्रेनिया तर वाढतच जातो ना?" हा समज फार जुना आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या आजाराचं पहिलं नीट वर्णन झालं तेव्हापासूनचा. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला एक अभ्यास मला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. १९५० च्या दशकात तिथल्या सरकारी मनोरुग्णालयातले, वर्षानुवर्षं आत असलेले, कुणी बाहेर जातील अशी अपेक्षाही न उरलेले पेशंट एका पुनर्वसन कार्यक्रमातून बाहेर आणले गेले. कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या २६९ लोकांचं पुढे काय झालं ते सरासरी ३२ वर्षांनी शोधून काढलं आणि १९८७ मध्ये छापलं. अर्धे ते दोन तृतीयांश लोक एकतर बरेच सुधारले होते किंवा पूर्ण सावरले होते. नंतर त्यांनी जवळच्याच मेन राज्यातले तसेच पेशंट घेऊन तुलना केली, जिथे असा कार्यक्रम नव्हता, तर व्हरमाँटचे लोक कामात, समाजात मिसळण्यात आणि लक्षणांतही पुढे होते. आजार तोच होता, फरक पडला तो बाहेर आल्यावर मिळालेल्या संधीने असं अभ्यासकांना वाटलं, आणि मलाही ते पटतं.

जुनी पद्धत: आधी ट्रेनिंग, मग बघू

पूर्वी, आणि खरं तर आजही बऱ्याच ठिकाणी, पद्धत अशी असते की पेशंटला आधी एखाद्या संरक्षित वर्कशॉपमध्ये पाठवायचं, म्हणजे जिथे सगळे पेशंटच असतात, सोपी एकसुरी कामं असतात, मोबदला नावापुरता असतो. तिथे वेळेवर येणं, सांगितलेलं करणं, चारचौघांत बोलणं शिकायचं. मग जमलं की पुढची पायरी, मग त्याच्या पुढची, आणि शेवटी कधीतरी बाहेरची नोकरी.

कल्पना ऐकायला शहाणपणाची वाटते, आणि ती राबवणारे लोकही मनापासूनच करत होते. अडचण ही की त्या शेवटच्या पायरीपर्यंत फार थोडे पोचतात. सायकलचं उदाहरण घ्या. स्टँडवर लावलेल्या सायकलचं पॅडल वर्षभर मारलं तरी सायकल येत नाही, कारण तोल सांभाळणं हा जो खरा भाग आहे तो स्टँडवर कळतच नाही. रस्त्यावरच उतरावं लागतं, पण एकट्याने नाही, मागून कुणीतरी सीट धरून पळत असतं, आणि तोल आला तसा तो हात सैल करतो, परत डगमगली की परत धरतो. पुढे जी पद्धत सांगणार आहे ती नेमकी एवढीच आहे.

नवी पद्धत: थेट नोकरी, आणि मागून धरलेला हात

१९९० च्या सुमाराला अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी ही पद्धत घडवली. तिचं लांबलचक नाव आहे, इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट, सगळे आयपीएस म्हणतात. वर्कशॉपऐवजी माणसाला थेट बाहेरच्या खऱ्या बाजारातली खरी नोकरी शोधून द्यायची, ज्यात इतरांइतकाच पगार असतो आणि जी कुणालाही मिळू शकली असती, आणि शिकवायचं ते नोकरी लागल्यावर.

यात एक खास माणूस असतो, त्याला आपण जॉब कोच म्हणू. त्याच्याकडे साधारण वीसपेक्षा जास्त लोक द्यायचे नसतात, आणि तो डॉक्टर, नर्स, समुपदेशक यांच्याच टीममध्ये बसतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. औषध बदललं आणि सकाळी उठवेना झालं तर ते कोचला त्याच आठवड्यात कळतं, आणि कामावर काही बिनसलं तर ते डॉक्टरांना कळतं. नाहीतर डॉक्टरांना नोकरीचं माहीत नसतं, नोकरी शोधून देणाऱ्याला आजाराचं माहीत नसतं, आणि पेशंट दोन ऑफिसांच्या मध्ये निरोप्या होऊन फिरत राहतो.

या पद्धतीतला माझ्या मते सगळ्यात धाडसी नियम म्हणजे कुणालाही वगळायचं नाही. आजार कुठला, तो किती जुना, अजून आवाज येतात का, दारूचा त्रास आहे का, यावरून "हा अजून तयार नाही" असं ठरवायचं नाही. ज्याला काम करायचंय तो तयार आहे, बस. कारण अनुभव असा आहे की कोण टिकेल आणि कोण नाही हे तज्ज्ञांनासुद्धा आधी नीट ओळखता येत नाही. आणि शोध लगेच सुरू करायचा, महिन्याभरात मालकांशी बोलणी सुरू झाली पाहिजेत, चाचण्या आणि मूल्यमापनं यात सहा महिने घालवायचे नाहीत.

दुसरं, काम माणसाच्या आवडीचं बघायचं. ऐकायला साधं वाटतं पण इथेच सगळे घसरतात, मानसिक आजार म्हटलं की झाडू मारणं किंवा पाकिटं चिकटवणं एवढंच डोळ्यासमोर येतं. समजा एक मुलगी आहे, अकाउंट्स शिकताना दुसऱ्या वर्षाला आजारी पडली, आकड्यांत तिला अजूनही रस आहे, गर्दी आणि आवाज मात्र सहन होत नाही. तिला गजबजलेल्या दुकानाच्या काउंटरवर उभं केलं तर ती आठवड्यात सोडेल आणि सगळे म्हणतील बघा, जमत नाही. तीच मुलगी एखाद्या छोट्या ऑफिसात मागच्या टेबलावर रोज चार तास बिलं तपासायला बसली तर टिकू शकते. कोचचं अर्धं काम हेच असतं, माणूस नीट समजून घेणं आणि मग परिसरातल्या मालकांकडे स्वतः जाऊन, त्यांना काय हवंय ते ऐकून जोड्या लावणं. आणि साथ नोकरी लागली म्हणून थांबत नाही, माणसाला हवी असेल तोपर्यंत चालू राहते.

याला पुरावा काय?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. यावर असे बरेच अभ्यास झालेत ज्यात लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटतात, एका गटाला नवी पद्धत आणि दुसऱ्याला जुनी, म्हणजे तुलना प्रामाणिक होते. २००८ मध्ये अशा ११ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तर आयपीएसमधल्या सुमारे ६१ टक्के लोकांनी खुल्या बाजारातली नोकरी मिळवली होती आणि दुसऱ्या गटात फक्त सुमारे २३ टक्के.

मग लोक म्हणाले की हे अमेरिकेत चालतं, बाकीकडे काय. तर २००७ मध्येच युरोपातला एक मोठा अभ्यास आला होता, लंडन, उल्म, रिमिनी, झ्युरिक, ग्रोनिंगन आणि सोफिया अशा सहा शहरांत मिळून ३१२ लोक, १८ महिने. निदान एक दिवस तरी खरी नोकरी केलेले आयपीएसमध्ये ५५ टक्के, नेहमीच्या पुनर्वसनात २८ टक्के. कार्यक्रम मध्येच सोडून जाणारे जुन्या पद्धतीत ४५ टक्के आणि आयपीएसमध्ये १३ टक्के. म्हणजे "हे लोकच टिकत नाहीत, यांना मोटिव्हेशनच नाही" असं जे म्हटलं जातं त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे, लोकांना हवं ते दिलं तर लोक थांबतात.

पण कामाच्या ताणाने आजार परत आला तर?

घरच्यांची सगळ्यात मोठी भीती ही, आणि ती खोटी नाही, ज्यांनी एकदा आपल्या माणसाला पूर्ण भान हरपलेलं बघितलंय त्यांना परत तो दिवस नको असतो. पण वर सांगितलेल्या युरोपातल्याच अभ्यासात हेही मोजलं होतं. परत हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलेले लोक नेहमीच्या पद्धतीत ३१ टक्के होते आणि आयपीएसमध्ये २० टक्के. म्हणजे ज्यांना थेट नोकरीकडे नेलं ते जास्त नाही, कमीच आजारी पडले.

आणि आपण एक हिशोब नेहमी विसरतो, की रिकामं बसण्याचाही ताण असतो. पैसे नाहीत, दिवसाला आकार नाही, घरात सतत कुणीतरी बघतंय, पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचं, भावंडं पुढे गेली आणि आपण तिथेच. हा ताण रोजचा असतो आणि त्याला सुट्टी नसते. कामाचा ताण निदान कमी-जास्त करता येतो, तास कमी करता येतात, काम बदलता येतं.

मात्र कुठलंही काम चांगलंच असतं असंही मी म्हणणार नाही. अपमान करणारा बॉस, रोज बदलणारी शिफ्ट, वेळेवर न मिळणारा पगार, यात धडधाकट माणूसही आजारी पडतो. विशेषतः बायपोलर असेल तर झोप मोडणं हे मॅनियाचं एक ओळखीचं कारण आहे (मॅनिया म्हणजे तो काळ जेव्हा माणूस प्रमाणाबाहेर उत्साही होतो, झोपेची गरज वाटत नाही, भलतेसलते निर्णय घेतो), त्यामुळे नाईट शिफ्ट किंवा आज दिवस उद्या रात्र अशी नोकरी शक्यतो टाळलेलीच बरी, मग पगार दोन पैसे कमी असला तरी चालेल.

गोळ्यांनी गुंगी येते त्याचं काय?

येते, आणि हे कुणी मनावर घेत नाही. काही औषधांनी सकाळी डोळेच उघडत नाहीत, लिथियम या बायपोलरवरच्या औषधाने हात थरथरतो, तहान लागते आणि वारंवार लघवीला जावं लागतं, काहींनी वजन वाढतं, काहींनी पाय स्थिर राहत नाहीत. घरात बसलेल्या माणसाच्या बाबतीत हे चालून जातं, काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत प्रत्येक गोष्टीचा विचार करावा लागतो. म्हणून डॉक्टरांना "मला नऊला कामावर पोचायचंय" हे स्पष्ट सांगा. बरेचदा डोसची वेळ बदलून, एक औषध दुसऱ्याने बदलून किंवा प्रमाण कमी-जास्त करून मार्ग निघतो, पण ते डॉक्टरांनीच करायचं, आपलं आपण गोळी सोडायची नाही, नवीन नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तर मुळीच नाही. आणि रक्ततपासण्यांचा हिशोब आधी करून ठेवा. लिथियमची पातळी शेवटच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी तपासतात, म्हणजे सकाळीच, आणि क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू असेल तर बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त द्यावं लागतं. त्या सकाळी उशिरा येण्याची परवानगी आधीच मागितली तर रोज नवीन कारण सांगावं लागत नाही.

ऑफिसमध्ये सांगायचं की नाही?

याचं एकच बरोबर उत्तर नाही, आणि निर्णय फक्त त्या व्यक्तीचा आहे, आईवडिलांचा नाही, कोचचाही नाही. सांगितलं तर सवलती मागता येतात आणि लपवण्याचं ओझं जातं, न सांगितलं तर कुणी वेगळ्या नजरेने बघत नाही. पण लोक हे सगळं किंवा काहीच नाही असं धरून चालतात, तसं नसतं. कुणाला सांगायचं, कधी, आणि किती, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठरवता येतात. आजाराचं नाव न घेता गरज सांगता येते. "माझी एक दीर्घकाळची ट्रीटमेंट चालू आहे, महिन्यातून एकदा सकाळी डॉक्टरांकडे जावं लागतं, आणि कामाच्या सूचना लिहून मिळाल्या तर माझ्याकडून चुका होत नाहीत", एवढं वाक्य बऱ्याच ठिकाणी पुरतं. कोच मालकाशी बोलणार असेल तर तो काय बोलणार आणि काय नाही हेही आधी बसून ठरवून घ्यायचं.

मालकाच्या बाजूने बघितलं तर

मालकाच्या मनात पहिली शंका असते ती सुरक्षिततेची, आणि ती सरळ बोलून टाकलेली बरी. गंभीर मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक हिंसक नसतात. उलट त्यांच्यावरच हिंसा होण्याचं प्रमाण जास्त आहे. धोका थोडा वाढतो तो उपचार चालू नसताना आणि दारू-ड्रग्ज जोडीला असताना, आणि नियमित उपचार घेऊन, मागे एक टीम असलेला, काम करायची इच्छा असलेला माणूस या चित्रात बसत नाही.

दुसरी शंका खर्चाची आणि डोकेदुखीची. इथे लागणाऱ्या सोयी बहुतेक वेळा फुकट असतात. सूचना तोंडी न देता लिहून देणं, एका वेळी एक काम सांगणं, दाराजवळच्या वर्दळीच्या टेबलाऐवजी कोपऱ्यातलं टेबल देणं, सुरुवातीला अर्धा दिवस आणि मग तास वाढवणं, एका मोठ्या सुट्टीऐवजी दोन-तीन छोटे ब्रेक. ज्यांना आवाज ऐकू येतात त्यातल्या काहींना काम करताना हेडफोन लावले की बरं पडतं, तर तेवढी मुभा द्यायची. आणि चूक झाली तर चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन, पण स्पष्ट सांगायचं. स्पष्ट सांगणं हे मुद्दाम लिहितोय, कारण काही चांगले मालक दयेपोटी काही बोलतच नाहीत, कामाची अपेक्षाच कमी करून टाकतात, आणि त्या माणसाला ते लगेच कळतं आणि खूप लागतं.

ही मेहेरबानीही नाही. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे, त्यात दीर्घकाळच्या मानसिक अडचणी असलेले लोकही येतात, आणि त्याच्या २७ व्या कलमात इतरांच्या बरोबरीने खुल्या बाजारात काम करण्याचा हक्क आणि कामाच्या जागी वाजवी सोयी मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. ज्या देशांनी तो मान्य केलाय त्यांना तो बंधनकारक आहे.

मदत बंद झाली तर?

ज्या ठिकाणी आजारामुळे पेन्शन किंवा भत्ता मिळतो तिथे हा प्रश्न येतोच. नोकरी धरली की भत्ता बंद, आणि नोकरी तीन महिन्यांत सुटली तर ना पगार ना भत्ता, मग कोण धोका पत्करेल? याला लोकांचा आळशीपणा म्हणणं अन्याय आहे, तो साधा हिशोब आहे. आयपीएसमध्ये म्हणूनच नोकरी घेण्याआधी माणसाला बसवून नीट आकडे मांडून दाखवतात, किती तास काम केलं तर हातात किती येईल, काय बंद होईल, आणि परत आजारी पडलास तर भत्ता परत कसा सुरू होईल. नियम जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर न जाता संबंधित ऑफिसमधून लेखी घ्या.

घरच्यांनी काय करायचं

लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली, हॉस्पिटलमधून सुटून आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे गेलेले काही पेशंट, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा परत आजारी पडत होते. पुढच्या संशोधनातून दिसलं की घरातली सततची टीका, राग आणि अति काळजी यांचा आजार परतण्याशी संबंध आहे. यातून आईवडिलांना दोष द्यायचा नाही, आजार त्यांच्यामुळे होत नाही, आणि काळजी प्रेमातूनच येते. पण "तुला जमणार नाही रे, कशाला जातोस" हे दिवसातून चार वेळा ऐकणं आणि "अजून किती दिवस बसून राहणार" हे ऐकणं, दोन्ही सारखंच जड जातं.

त्यापेक्षा उपयोगी मदत फार साधी असते. झोपेची आणि उठायची वेळ नोकरी लागायच्या आधीपासून एकत्र बसवा, पहिले काही दिवस जायच्या रस्त्याची सवय करायला सोबत जा, आणि संध्याकाळी आल्या आल्या "कसं झालं, कुणी काही बोललं का" अशी उलटतपासणी घेऊ नका. पगार त्याच्या हातात राहू द्या, बायपोलरमध्ये बेसुमार खर्चाची भीती असेल तर त्याबद्दल तो बरा असताना बोलून ठरवा, परस्पर पैसे काढून घेऊ नका.

आणि मुलगी किंवा मुलगा अजून शिकत असेल, आजाराचा पहिलाच झटका असेल, तर हाच विचार शिक्षणालाही लागू होतो. अमेरिकेत ४०४ तरुणांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात औषध, समुपदेशन, घरच्यांना मार्गदर्शन आणि शिक्षण-नोकरीची साथ हे सगळं पहिल्यापासून एकत्र दिलं, तर नेहमीच्या उपचारांपेक्षा ते लोक काम आणि शिक्षणात जास्त टिकून राहिले, आणि ज्यांचे उपचार लवकर सुरू झाले होते त्यांना फायदा जास्त झाला. कॉलेज सोडण्याऐवजी दोन विषय कमी घेऊन चालू ठेवता येतं का ते आधी बघा.

सगळ्यांना जमतं असं नाही

वरचेच आकडे उलटे वाचा, सर्वात चांगल्या पद्धतीतही शंभरातल्या चाळीस लोकांना नोकरी लागत नाही. लागलेल्या बऱ्याच नोकऱ्या अर्धवेळ असतात, काही थोड्या महिन्यांत सुटतात. लक्ष आणि स्मरणशक्तीची अडचण मोठी असेल तर नुसती नोकरी शोधून भागत नाही, त्यासाठी मेंदूचे ठरावीक सराव आणि आठवण ठेवायच्या युक्त्या शिकवणारी ट्रेनिंग असते, ती नोकरीच्या साथीबरोबर दिली तर परिणाम सुधारतो असं दिसलंय.

आणि पगाराची नोकरी हा एकच रस्ता नाही. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली हॉस्पिटलमधून बाहेर पडलेल्या पेशंटनीच एकत्र येऊन फाउंटन हाउस सुरू केलं, तिथे लोक पेशंट नसतात, मेंबर असतात, आणि ती जागा चालवण्याचं सगळं काम मेंबर आणि कर्मचारी खांद्याला खांदा लावून करतात, ही क्लबहाउसची कल्पना पुढे जगभर गेली. इटलीतल्या ट्रिएस्टे शहरात फ्रँको बसालिया या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात मनोरुग्णालयाची दारं उघडली तेव्हा जे पेशंट आत फुकट राबत होते त्यांचीच सहकारी संस्था करून त्यांना पगार आणि कामगाराचे हक्क मिळवून दिले. कुणी स्वतः सावरल्यावर दुसऱ्या पेशंटना साथ देणारा पिअर सपोर्ट वर्कर होतो, आणि आजारातून गेल्याचा तो अनुभव तिथे खरीखुरी पात्रता धरला जातो. कुणाला आत्ता कामच नको असेल तर तेही ठीक आहे, फक्त सहा महिन्यांनी परत विचारा, माणसाचं मन बदलतं.

परत बिघडलं तर

नोकरी सुटणं म्हणजे सगळं संपलं असं धरू नका. पहिली नोकरी सोडणं हे बाकीच्या तरुणांच्या बाबतीतही अगदी नेहमीचं आहे, यातून एवढंच कळतं की कुठलं काम झेपतं आणि कुठलं नाही, आणि कोच पुढच्या आठवड्यात दुसरं शोधायला लागतो.

आजार परत उसळण्याची खूण मात्र प्रत्येकाची वेगळी असते आणि बहुतेकांची दर वेळी साधारण तीच असते. कुणाची झोप दोन दिवस उडते, कुणी फोन उचलणं बंद करतं, कुणाला सहकारी आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटू लागतं. तब्येत चांगली असताना एका कागदावर या खुणा, डॉक्टरांचा नंबर, कामावर फोन कुणी करायचा आणि त्याने नेमकं काय सांगायचं हे लिहून ठेवा, आणि त्यावर त्या व्यक्तीची स्वतःची संमती घ्या. सुट्टी किती शिल्लक आहे, किती दिवस जागा राखून ठेवतात, बिनपगारी रजा मिळते का हेही आधीच विचारून ठेवा, ऐन वेळी कुणाचं डोकं चालत नाही. परत कामावर जाताना एकदम आठ तास न करता पहिल्या आठवड्यात दोन-तीन तास, मग अर्धा दिवस, असं चढत जायचं, आणि पहिल्या दिवशी कुणीतरी ओळखीचं सहकारी जागेवर असेल असा दिवस निवडायचा. रजेवर असताना काय झालं होतं असं कुणी विचारलं तर काय बोलायचं ते वाक्यही आदल्या दिवशी ठरवून ठेवा, "तब्येत बरी नव्हती, आता ठीक आहे" इतकं पुरेसं आहे, त्यापुढे सांगायला कुणीही बांधील नाही.